वनस्पतिरोगशास्त्रज्ञ डॉ. बालचंद्र भवानीशंकर मुंडकूर

वडगाव, शहापूर, खासबाग या भागांत पिढ्यान्‌पिढ्या हातमाग चालत आले. मागावर चढणाऱ्या सुताचा पोत, भाव आणि रंग यांची चौकशी सर्वजण करतात. परंतु त्या सुताच्याही आधी शेतात उभे असलेले कापसाचे झाड कोणत्या दुखण्याने वाळून जाते, याची चौकशी करणारे विरळाच. बैलहोंगल व सौंदत्ती हे बेळगाव जिल्ह्यातील काळ्या मातीचे तालुके आणि त्यांना लागून असलेला धारवाडचा मुलूख येथील कापसाला एके काळी एका न दिसणाऱ्या रोगाने ग्रासले होते. त्या रोगाचा शास्त्रशुद्ध अभ्यास ज्यांनी प्रथम हाती घेतला त्यांत डॉ. बालचंद्र भवानीशंकर मुंडकूर यांची गणना होते. पुढे त्यांची कीर्ती दिल्लीपर्यंत व सातासमुद्रांपलीकडे गेली, पण त्यांच्या संशोधनाची पहिली पेरणी आपल्याच शेजारच्या मातीत झाली, हे आपल्या भागातील वाचकांनी ध्यानी घेण्याजोगे आहे.

डॉ. मुंडकूर यांचा जन्म १८९६ सालचा. मुंडकूर हे पूर्वीच्या दक्षिण कानडा, म्हणजे आताच्या उडुपी जिल्ह्यातील एका गावाचे नाव. गोमंतकातून दक्षिणेकडे गेलेल्या सारस्वत कुटुंबांनी जेथे बिऱ्हाड थाटले त्या गावाचे नाव आडनाव म्हणून धारण केले, ही गोष्ट या अंकाच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. भवानीशंकर हे शिराली येथील चित्रापूर मठाचे आराध्यदैवत; डॉक्टरांच्या नावात ते कायमचे गुंफलेले आहे. डॉ. मुंडकूर यांचे आयुष्य आणि त्यांचे काम ही दोन निराळी करता येत नाहीत, म्हणून त्या कामाकडेच वळणे इष्ट.

१९२१ साली भारतीय केंद्रीय कापूस समिती स्थापन झाली आणि कापसाच्या संशोधनास पैसा व माणसे मिळू लागली. धारवाड त्या वेळी मुंबई इलाख्यात होते. तेथील कुमठा कापूस प्रसिद्ध होता. कुमठा बंदरातून तो परदेशी जात असे म्हणून त्याला हे नाव पडले. पिकत मात्र तो घाटावरच्या काळ्या जमिनीत. या कापसाला मर रोग लागत असे. ऐन भरात आलेल्या पिकात एखादे झाड पिवळे पडे, पाने गळत, आणि शेजारची झाडे हिरवीगार असताना ते उभ्याउभ्या वाळे. पहिल्या वर्षी चार झाडे गेली तर काही वर्षांनी त्याच जागी शेताचा मोठा पट्टा ओसाड होई. शेतकऱ्याला वाटे की पाणी कमी पडले किंवा मुळाशी किडा लागला. झाडाचे खोड आडवे कापून पाहिले तर सालीच्या आत तपकिरी कडे दिसते. तेच या रोगाचे खरे लक्षण. फ्युझेरियम नावाची बुरशी मातीतून मुळात शिरते, पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत वाढते आणि झाडाचा पाणीपुरवठाच तोडते. भोवती ओल असूनही झाड तहानेने मरते.

मुंबई इलाख्याच्या कृषिखात्यातील वनस्पतिरोगतज्ज्ञ जी. एस. कुलकर्णी यांच्यासमवेत मुंडकूर यांनी या रोगाचा पाठपुरावा केला. मुंबई-कर्नाटकातील कापसाच्या मर रोगावरील त्या दोघांचा प्रबंध १९२८ साली भारत सरकारच्या कृषिखात्याच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. अमेरिकेत हाच रोग १८९२ पासून शास्त्रज्ञांना परिचित होता, आणि तेथे तो हलक्या, रेताड, आम्लधर्मी जमिनीत बळावतो असा अनुभव होता. येथे पाहावे तो नेमके उलट! भारी, चिकण, क्षारयुक्त काळ्या रानातच त्याचे ठाण. परदेशी ग्रंथ प्रमाण मानून येथील शेतकऱ्याला सल्ला दिला असता तर तो पूर्णपणे चुकीचा ठरला असता.

दुसरे कोडे याहून मोठे होते. अमेरिकन कापूस अमेरिकेत मर रोगाला बळी पडे. परंतु धारवाडकडे लावलेला अमेरिकन जातीचा कापूस त्याच रोगट रानात टिकून राही आणि देशी कापूस मरे. ज्याला परक्या भूमीत दुबळे म्हणावे तोच येथे बळकट कसा? मुंडकूर यांनी हा केवळ शेतकऱ्यांचा समज म्हणून सोडून दिला नाही. अमेरिकन कापसाच्या प्रतिकारशक्तीची त्यांनी तपासणी केली आणि १९३६ साली त्याविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. अमेरिकेतील बुरशी आणि येथील बुरशी दिसावयास एक असल्या तरी स्वभावाने एक नव्हेत, असा याचा अर्थ होतो. पुढे १९६० च्या सुमारास आर्मस्ट्राँग या अमेरिकन शास्त्रज्ञ पतिपत्नींनी या बुरशीचे निरनिराळे वंश प्रयोगाने वेगळे करून दाखविले, तेव्हा भारतातील वंशाला चौथा क्रमांक मिळाला. हाच चौथा वंश चालू शतकाच्या आरंभी कॅलिफोर्नियातील कापसाच्या शेतांत आढळला आणि तेथील शेतकऱ्यांची झोप उडाली.

मातीत राहणाऱ्या रोगावर औषध नाही. बुरशीचे टिकाऊ कण वर्षानुवर्षे जमिनीत पडून राहतात. दोनचार वर्षे दुसरे पीक घेऊनही ते पुरते नष्ट होत नाहीत. सबंध शेताची माती कोण धुऊन काढणार? तेव्हा उपाय एकच उरतो, तो म्हणजे रोगाला दाद न देणारे बियाणे. धारवाड येथे कापूस-पैदासतज्ज्ञ जी. एल. कोट्टूर यांचे कुमठा कापसाच्या सुधारणेचे काम चालू होते, आणि त्या प्रयत्नांतून आलेली जयवंत ही जात पुढे या पट्ट्यात पसरली. रोगतज्ज्ञाने रोगट रान राखावे, त्यात पैदासतज्ज्ञाने आपली रोपे लावावीत, आणि जी मरणार नाहीत ती पुढे न्यावीत, अशी ही दोघांच्या सहकार्याची रीत आहे. यात चमत्कार काही नाही; चिकाटी मात्र पुष्कळ लागते.

धारवाडनंतर मुंडकूर बिहारमधील पुसा येथील इंपीरियल कृषिसंशोधन संस्थेत गेले. हेन्री फिप्स या अमेरिकन गृहस्थाच्या देणगीच्या साहाय्याने १९०५ साली ही संस्था उभी राहिली होती, आणि एडविन बटलर यांनी तेथे भारतातील बुरशीविज्ञानाचा पाया घातला होता. बटलर यांनी सुरू केलेला रोगट वनस्पतींच्या वाळविलेल्या नमुन्यांचा संग्रह हे त्या संस्थेचे खरे धन. पुसा येथे असतानाच मुंडकूर यांनी एक नाजूक काम तडीस नेले. भुईमूग, बटाटा, पानवेल अशा असंख्य पिकांच्या बुडख्याशी पांढरी जाळी धरणारी आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे सोडणारी एक बुरशी आहे. स्क्लेरोशियम रॉल्फसाय हे तिचे शास्त्रीय नाव. आपल्याकडील भुईमुगाच्या शेतकऱ्याने हे मोहरीसारखे दाणे नक्की पाहिले असतील. या बुरशीची पूर्णावस्था, म्हणजे जीत ती रीतसर बीजाणू धरते ती अवस्था, क्वचितच दृष्टीस पडते. आणि ती दिसल्याखेरीज बुरशीचे कूळ ठरत नाही. जपान व इटली येथील शास्त्रज्ञांनी त्या दिशेने काम केले होते. मुंडकूर यांनी कांद्याचा अर्क घातलेल्या पोषक द्रव्यावर ही बुरशी शुद्ध स्वरूपात वाढवून तिची पूर्णावस्था मिळविली आणि १९३४ साली ती जाहीर केली. स्वयंपाकघरातल्या कांद्याने एवढ्या मोठ्या कामाला हात दिला!

त्याच १९३४ च्या जानेवारी महिन्यात बिहारला भूकंपाचा भयंकर तडाखा बसला. पुसा येथील इमारती मोडकळीस आल्या, आणि संस्था १९३६ साली दिल्लीस हलविण्यात आली. नमुन्यांचा तो संग्रहही दिल्लीस गेला. मुंडकूर यांचे उर्वरित संशोधन मुख्यतः दिल्लीत झाले, आणि त्यातील सर्वांत मोठा भाग काणी रोगांना वाहिलेला आहे.

काणी म्हणजे काय हे ज्वारी पिकविणाऱ्यास समजावून सांगण्याची गरज नाही. कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी भरते. मळणीच्या वेळी ती उडते आणि चांगल्या दाण्यांना चिकटते. ज्वारीच्या दाणे-काणीवर बियाणे मोरचुदाच्या पाण्यात बुडवून किंवा गंधक चोळून पेरण्याचा उपाय चांगला लागू पडतो, कारण तेथे रोगाचे बीज दाण्याच्या वरच्या अंगास असते. गव्हाच्या मोकळ्या काणीत मात्र रोग दाण्याच्या आत, गर्भात दडून बसलेला असतो. वरून कितीही औषध चोळले तरी व्यर्थ. तिच्यासाठी पंजाबात लुथ्रा व सत्तार यांनी १९३४ मध्ये बी काही तास भिजवून कडक उन्हात वाळविण्याची युक्ती काढली. दोन्ही ठिकाणी भुकटी काळी, दोन्ही ठिकाणी नाव काणी. परंतु एकीचा उपाय दुसरीला चालत नाही. कोणत्या काणीचे मूळ कोठे, हे ठरविल्याशिवाय पुढचे पाऊल टाकता येत नाही, आणि ते ठरविण्यातच मुंडकूर यांची बुद्धी व आयुष्य खर्ची पडले. गव्हाच्या कोणत्या जाती मोकळ्या काणीपुढे टिकतात हे पाहण्याचे काम त्यांनी बी. पी. पाल यांच्या जोडीने केले. हेच पाल पुढे भारतीय कृषिसंशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झाले.

या मालिकेतील सर्वांत महत्त्वाचे प्रकरण कर्नालचे. १९३० साली तेव्हाच्या पंजाबातील कर्नाल येथे गव्हावर एक नवीनच विकार आढळला. मनोरंजन मित्रा यांनी १९३१ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध करून त्या बुरशीला टिलेशिया इंडिका असे नाव दिले. यात ओंबीतले सर्व दाणे बिघडत नाहीत, काहीच बिघडतात. आणि बिघडलेला दाणाही बहुधा अर्धामुर्धाच पोखरला जातो. आतील काळ्या भुकटीला सडक्या मासळीचा दर्प येतो, आणि थोडे दाणे मिसळले तरी सगळ्या पिठाला तो वास लागतो. थंड डोंगराळ मुलखातील गव्हावर येणारी अशीच दुर्गंधीची काणी फार पूर्वीपासून ठाऊक होती. तिचा प्रसार बियाण्यावाटे होतो आणि बियाण्याला औषध लावले की ती आटोक्यात येते. कर्नालचा रोगही त्याच जातीचा समजून बियाण्यालाच औषध लावीत बसावे, हा सरळ मार्ग होता.

मुंडकूर त्या सरळ मार्गाने गेले नाहीत. या बुरशीचा काळा कण रुजला म्हणजे त्यातून फुटणाऱ्या सूक्ष्म बीजाणूंची संख्या डोंगरी काणीपेक्षा कितीतरी अधिक असते आणि ते एकमेकांशी जुळतही नाहीत. या भेदावरून १९४० मध्ये त्यांनी तिला टिलेशियातून काढून निओव्होशिया या कुळात घातले. पाठोपाठ रोग पसरतो कसा याचा शोध त्यांनी घेतला. १९४३ साली त्यांनी दाखवून दिले की हा रोग वाऱ्यावरून येतो. जमिनीच्या पृष्ठभागावर पडलेले काळे कण गहू फुलावर येण्याच्या सुमारास रुजतात, त्यांचे बीजाणू वाऱ्याने उडून फुलोऱ्यावर बसतात आणि एकेका दाण्याला स्वतंत्रपणे रोग लावतात. म्हणूनच सबंध ओंबी न बिघडता त्यातले चारच दाणे बिघडतात. जे लक्षण इतरांना केवळ चमत्कारिक वाटले त्याचा उलगडा झाला, आणि त्याबरोबर एक कटू सत्यही पुढे आले: स्वच्छ बियाणे औषध लावून पेरले तरी शेजारच्या रानातील मातीतून रोग येऊ शकतो. शेतकऱ्याला खोटी आशा देण्यापेक्षा हे सांगणे बरे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मुंडकूर यांनी दिलेले निओव्होशिया हे नाव शास्त्रज्ञांनी पुढे कायम ठेवले नाही. आज ही बुरशी पुन्हा मित्रा यांच्या मूळ नावाने, टिलेशिया म्हणूनच ओळखली जाते. नावाच्या बाबतीत निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. रोगाच्या वाटेविषयीचा निकाल मात्र टिकला. १९९६ च्या मार्चमध्ये अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात हा रोग सापडला आणि तेथील सरकारने तातडीने निर्बंध घातले. अनेक देश या रोगापासून मुक्त असल्याच्या दाखल्याखेरीज गहू घेत नाहीत. मातीतून उठून वाऱ्यावर स्वार होणारा रोग एकदा शिरला की घालविणे कठीण, हीच या सर्व धास्तीमागची गोष्ट होय.

उसाच्या काणीविषयीही त्यांनी असाच एक जुना घोळ निस्तरला. रोगट उसाच्या शेंड्यातून लांब काळा चाबूक निघतो, तो आपल्या भागातील ऊस-बागायतदारांच्या चांगल्याच परिचयाचा आहे. या बुरशीला गेल्या शतकापूर्वीच्या एका जर्मन शास्त्रज्ञाने दिलेले नाव सर्वत्र वापरले जात होते. मुंडकूर यांनी मूळ नोंदींचा मागोवा घेतला, तेव्हा ते नाव उसावरील नव्हे तर उसाच्या जातभाई असलेल्या एका रानगवतावरील निराळ्या काणीचे असल्याचे दिसून आले. १९३९ साली त्यांनी हा खुलासा इंग्लंडमधील क्यू येथील पत्रिकेत केला आणि उसाच्या काणीला तिचे योग्य नाव मिळाले. सातबाऱ्यावर एकाच्या नावे दुसऱ्याची जमीन चढावी तसा हा प्रकार होता. जुने दप्तर उलगडून, मूळ कागद पाहून नोंद दुरुस्त करण्याच्या या कामाला कित्येक लोक रुक्ष कारकुनी म्हणून नाक मुरडतात. पण नोंद चुकीची असली तर तिच्यावर आधारलेला प्रत्येक पुढचा कागद चुकीचा होतो, हे ज्याने दप्तर सांभाळले आहे त्याला पटेल. भारतातील सर्व ज्ञात बुरशींची बटलर व बिस्बी यांनी १९३१ मध्ये केलेली यादी मुंडकूर यांनी १९३८ मध्ये पुरवणी जोडून पुढे नेली, तीही याच वृत्तीने.

हा काळ देशाला कठीण होता. १९४२ साली बंगालमध्ये भाताच्या पिकावर तपकिरी ठिपक्यांचा रोग मोठ्या प्रमाणावर पडला आणि १९४३ मध्ये तेथे भीषण दुष्काळ झाला. त्या दुष्काळाला युद्ध, साठेबाजी, सरकारी अनास्था अशी अनेक कारणे होती, आणि रोगाचा वाटा त्यात किती यावर विद्वानांत मतभेद आहेत. तथापि बुरशीचा एक ठिपका माणसाच्या ताटापर्यंत पोहोचतो, एवढे त्यावरून कोणालाही समजावे. आग्र्याचे डॉ. करमचंद मेहता गव्हाच्या तांबेऱ्याचा पिच्छा हिमालयाच्या उतारापर्यंत पुरवीत होते. पुणे, बंगलोर, लायलपूर, कोइमतूर येथे निरनिराळी माणसे निरनिराळ्या रोगांवर खपत होती. या सर्वांना एकत्र आणणारी संस्था मात्र नव्हती.

ती उणीव भरून काढण्यात डॉ. मुंडकूर यांनी पुढाकार घेतला. १९४७ साली दिल्ली येथे इंडियन फायटोपॅथॉलॉजिकल सोसायटी स्थापन झाली आणि १९४८ पासून तिचे इंडियन फायटोपॅथॉलॉजी हे नियतकालिक निघू लागले. देशाची फाळणी होऊन लायलपूरसारखे मोठे संशोधन केंद्र सीमेपलीकडे गेले, त्याच सुमारास हे घडले हे लक्षात घेतले म्हणजे त्या उद्योगाचे महत्त्व कळते. संस्था काढणे सोपे, ती चालविणे अवघड. वर्गणी, छपाई, लेखकांचे रुसवेफुगवे यांतून नियतकालिक वेळेवर काढणे तर त्याहून अवघड. ती संस्था व ते नियतकालिक आजही चालू आहेत, आणि मुंडकूर यांच्या नावे स्मृतिव्याख्यान ठेवून संस्थेने आपल्या संस्थापकाचे ऋण मान्य केले आहे.

याच सुमारास केंद्र सरकारने वनस्पतिसंरक्षणासाठी १९४६ साली स्थापन केलेल्या संचालनालयातही त्यांनी जबाबदारीचे पद सांभाळले. बंदरावर व सरहद्दीवर रोगट बियाणे अडविण्याचा कायदा १९१४ पासून होता. रोग कोठून येतो हे शोधण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाकडे रोग अडविण्याचे काम यावे, हे योग्यच झाले.

१९४९ मध्ये त्यांचे बुरशी व वनस्पतिरोग या विषयावरील इंग्रजी पाठ्यपुस्तक लंडनच्या मॅकमिलन कंपनीने प्रसिद्ध केले. तोवर येथील विद्यार्थ्याला बटलर यांच्या १९१८ सालच्या ग्रंथाखेरीज भारतीय पिकांवरील उदाहरणे देणारे पुस्तक क्वचितच मिळे. उरलेली पुस्तके सफरचंद आणि द्राक्षे यांच्या रोगांनी भरलेली. मुंडकूर यांच्या पुस्तकात ज्वारी, बाजरी, ऊस, कापूस, भात यांना त्यांची रास्त जागा मिळाली, आणि कृषिमहाविद्यालयांतील कित्येक तुकड्या त्यावर शिकल्या.

काणी बुरशींचा त्यांचा आयुष्यभराचा संग्रह व अभ्यास एका ग्रंथात एकवटला. मैसूरकडचे तरुण शास्त्रज्ञ एम. जे. तिरुमलाचार यांच्या सहकार्याने लिहिलेला भारतातील काणी बुरशींवरील हा ग्रंथ क्यू येथील राष्ट्रकुल बुरशीविज्ञान संस्थेने १९५२ साली प्रसिद्ध केला. त्याच वर्षी, वयाच्या ५६ व्या वर्षाच्या सुमारास, डॉ. मुंडकूर यांचे निधन झाले.

तिरुमलाचार यांनी आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्याच्या हयातीतच, १९४४ साली, काणी बुरशींच्या एका नव्या कुळाला मुंडकुरेला असे नाव दिले होते. हेप्टाप्लूरम वर्गातील झाडावर ती बुरशी आढळते. अशा रीतीने दक्षिण कानड्यातील एका लहानशा गावाचे नाव जगभरच्या बुरशीशास्त्राच्या ग्रंथांत नोंदले गेले. दिल्लीच्या संग्रहात मुंडकूर यांनी जमविलेले काणीचे वाळलेले नमुने लिफाफ्यांत घालून, स्थळ, तारीख व आश्रयवनस्पती यांच्या नोंदींसह जपून ठेवलेले आहेत.